पत्र्याखालचा तिसरीचा वर्ग: ग्वाल्हेरच्या एका शाळेचा उन्हाळा

शाळा, माणसं आणि मोहल्ला ओळखू येतील असे तपशील या प्रकरणातून काढून टाकले आहेत. ग्वाल्हेरमध्ये अशा शाळा एकाहून अधिक आहेत, त्यामुळे हे वर्णन कुणाला आपल्याच शाळेचं वाटलं तर नवल नाही.

पार्श्वभूमी

दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि तिचाच पुढे ‘लष्कर’ हा शहराचा भाग झाला. सरदार-मानकऱ्यांचे जे वाडे तिथे उभे राहिले, त्यांतल्या एका वाड्यात ही पहिली ते पाचवीची शाळा भरते. विश्वस्त मंडळ मराठी, शिक्षिकाही बहुतेक मराठी. मुलांमध्ये मात्र आता मराठी घरची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची टेकडीच्या उतारावरच्या वस्तीतली, मजुरी करणाऱ्या आईबापांची. बैठकीचं इतिवृत्त मराठीत आणि फळ्यावरची सूचना हिंदीत, हा इथला जुना रिवाज.

खाली मधोमध चौक, तीन बाजूंना ओसरी आणि चार खोल्या. खोल्या अठरा बाय चौदा फुटांच्या, भिंती दगडी आणि दोन फूट जाड, वर दगडी पट्ट्यांचं छत. पटसंख्या वाढली तेव्हा माडीवर नऊ इंची विटांच्या भिंती घालून तीन खोल्या काढल्या. त्यांवर पत्रे टाकले आणि छताला आतून अस्तर केलं नाही. मुलं १३८. पहिली-दुसरीची ५१ खाली. तिसरी, चौथी, पाचवीची ८७ वर. खाली उरलेल्या दोन खोल्यांपैकी एकीत कार्यालय. दुसरीत कोठार, म्हणजे मोडकी बाकं, जुने हजेरीपट आणि गणेशोत्सवाचं मखर.

ही वाटणी कुणी मुद्दाम ठरवलेली नव्हती. ती होत गेली होती. पण पुढचं सगळं प्रकरण या वाटणीभोवतीच फिरतं.

मध्य प्रदेशात नवं सत्र एप्रिलच्या सुरुवातीला चालू होतं, मे महिनाभर आणि जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. हे वेळापत्रक बसवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मे महिन्याचा उन्हाळा होता. आता त्याच्या दोन्ही कडा लांबल्या आहेत. २०२२चा मार्च हा १९०१पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला, २०२३चा फेब्रुवारी तसाच सर्वांत उष्ण फेब्रुवारी, आणि २०२४ हे १९०१पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष. म्हणजे सुट्टी जागच्या जागी राहिली आणि ऊन तिच्या अलीकडे-पलीकडे सरकलं.

काय घडलं

एप्रिलचा दुसरा आठवडा. शाळेची वेळ साडेसात ते साडेबारा. पावणेबाराच्या सुमारास तिसरीतली आठ वर्षांची मुलगी डोकं दुखतंय म्हणाली. तिला उलटी झाली आणि उठायला गेली तशी ती कोसळली.

बाईंनी तिला सावलीत निजवलं, तोंडावर पाणी मारलं. दहा मिनिटांनी ती उठून बसली. मदतनीस बाईंनी कपाटातलं ओआरएसचं पाकीट आणलं आणि अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं. दोन घोट घेऊन मुलीनं पेला बाजूला सारला, हे बरंच झालं. साडेवीस ग्रॅमचं ते पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पेलाभर पाण्यात कालवलं तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं आणि पाणी उतरलेल्या लहान मुलाला त्यानं अपाय होतो.

मग तिला पाचवीतल्या बहिणीबरोबर घरी पाठवलं. भर बाराला, सव्वा किलोमीटर, चढावर. इथे पहिला निर्णय चुकला आणि तो सगळ्यांत मोठा होता. चक्कर येऊन गेलेल्या मुलाला किमान तास-दीड तास गार जागी ठेवून, थोडं थोडं पाणी पाजून, लघवी झाल्याची खात्री करून, मोठ्या माणसाच्या हाती द्यायचं असतं. अंग तापलेलं असून मूल असंबद्ध बोलू लागलं, झापड आली किंवा आकडी आली, तर तो उष्माघात. त्यात तोंडानं काहीच द्यायचं नाही. कपडे सैल करायचे, अंगभर पाणी ओतायचं, वारा घालायचा, मानेला-काखेत-जांघेत गार फडकी ठेवायची आणि १०८ला फोन करायचा. पॅरासिटामॉल अशा वेळी उपयोगाचं नाही. खिशातला कांदाही नाही.

मुलगी वाचली. संध्याकाळी दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की ती सकाळपासून लघवीला गेलीच नव्हती.

अडचण नेमकी कुठे

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जो सूर निघाला तो ओळखीचा होता: उपाशी आली असेल, अशक्त आहे. त्या आठवड्यात हवामान खात्याचा इशाराही नव्हता. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर, किंवा थेट ४५ अंश असावं लागतं. ग्वाल्हेरला एप्रिलच्या मध्यावर ४० अंश ही बातमीही होत नाही. शिवाय खात्याचं तापमान सावलीतलं, मोकळ्या जागी जाळीच्या पेटीत मोजलेलं. पत्र्याखाली बसलेल्या मुलाचं तापमान ते नव्हे.

चौथीच्या बाईंनी बाजारातून भिंतीवरचे साधे थर्मामीटर आणले आणि बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, जमिनीपासून तीन फुटांवर, भिंतीपासून सुटे दोरीला टांगले. आठवडाभर आठ, दहा आणि बाराला नोंद ठेवली. माडीवर ३३, ३८, ४२. खाली कोठारात २९, ३०, ३२. बाहेर सावलीत बाराला ४०. वरचा आकडासुद्धा पूर्ण खरा नाही, कारण तापलेला पत्रा वरून थेट डोक्यावर उष्णता फेकतो आणि ती हवेच्या थर्मामीटरात पकडली जात नाही. छताला हात लावायचा प्रयत्न केला तर तो टेकवत नव्हता.

मुलांचं शरीर इथे मोठ्यांपेक्षा लवकर हरतं. वजनाच्या मानानं त्वचेचं क्षेत्र जास्त, त्यामुळे हवा त्वचेपेक्षा तापली की उष्णता झपाट्यानं आत शिरते. घाम कमी सुटतो आणि तहान लागली तरी खेळाच्या किंवा भीतीच्या भरात ते सांगत नाहीत. डोक्यावरचा पंखा ४० अंशांच्या पुढे गरम हवाच अंगावर ढकलतो.

पण सगळ्यांत उपयोगी माहिती थर्मामीटरनं दिली नाही. मुख्याध्यापिकांनी तिसरी ते पाचवीच्या मुलांना शाळेचा नकाशा काढून ‘भाजतं तिथे’ लाल खडू मारायला सांगितलं. मुलांनी पूर्वेच्या खिडकीजवळची बाकं रंगवली, जिन्याचा लोखंडी कठडा रंगवला. काहींनी नळ रंगवला, कारण गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दहा वाजता हात पोळेल इतकं तापलेलं असायचं. आणि नऊ मुलींनी मुलींचं स्वच्छतागृह रंगवलं. तिथे तर सावली होती. विचारल्यावर एकीनं सांगितलं: दाराला कडी नाही, आत बादलीत पाणी नाही, म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही.

शिक्षिका सात, सगळ्या बायका, आणि ही गोष्ट एकीच्याही ध्यानात आली नव्हती. त्यांचं स्वच्छतागृह वेगळं होतं.

तोललेले पर्याय

विश्वस्तांची बैठक झाली. सरळ मार्ग होता सुट्टीचा. ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, “बाई, पुढचं मूल पडलं तर पेपरात नाव आपलं येईल. पंधरा दिवस आधीच सुट्टी लावून टाका.”

मुख्याध्यापिकांचं उत्तर इतिवृत्तात आहे. “अण्णा, सुट्टी लावली तर ती आपल्या अंगणात पडणार नाहीत, एवढंच.”

त्यांनी दोन थर्मामीटर दोन मुलांच्या घरी पाठवले होते. एक घर पत्र्याचं, दुसरं पाटौर, म्हणजे दगडी पट्ट्या टाकलेलं. दुपारी चारला पत्र्याच्या घरात ४३, पाटौरीत ३९. रात्री दहाला पत्र्याखाली ३६. पालकसभेत एका आईनं एका वाक्यात हेच सांगितलं होतं, “घर तो और तपता है, मैडम.” शिवाय सुट्टी म्हणजे मध्यान्ह भोजनही बंद. प्राथमिकच्या मुलाला त्यातून रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत असा नियम आहे, आणि या वस्तीत काहींचं ते दिवसातलं पहिलं पोटभर जेवण होतं.

हक्कांचा विषय इथे आपोआप येतो. बालहक्क संहिता १९८९ची, भारतानं ती १९९२मध्ये स्वीकारली. तिच्यात जगण्याचा, आरोग्याचा, शिक्षणाचा, खेळ-विश्रांतीचा आणि आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क वेगवेगळ्या कलमांत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं २०२३मध्ये सव्विसाव्या सामान्य टिप्पणीत, म्हणजे संहितेचा अर्थ उलगडणाऱ्या टिपणात, हे सगळे हक्क हवामानबदलाशी जोडले. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१मध्ये येतो असं म्हटलं. अडचण अशी की एप्रिलमधल्या सुट्टीनं शिक्षणाचा आणि अन्नाचा हक्क जातो आणि पत्र्याखालच्या वर्गानं आरोग्याचा. कागदावर सगळे हक्क एका ओळीत बसतात, बैठकीत त्यांतला एक निवडावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ‘सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत’ हवी असं लिहिलं आहे. आजवर सगळ्यांनी त्याचा अर्थ गळकं छत नको असा घेतला. उन्हाळा हाही ऋतूच आहे, हे त्या ओळीत कुणी वाचलं नाही.

दुसरा पर्याय दोन पाळ्यांचा. खालच्या खोल्यांत सातला निम्मी मुलं, दहाला निम्मी. हा कागदावर सुंदर होता आणि एका प्रश्नानं पडला. वस्तीतली लहान मुलं मोठ्या भावंडाचं बोट धरून येतात. पाळ्या केल्या की पहिलीचं मूल एकटं चढ चढणार, किंवा मोठी बहीण शाळा बुडवून त्याला सोडायला येणार. आणि दुसरी पाळी सुटणार एक वाजता.

तिसरा पर्याय देणगीचा. एका हितचिंतकांनी माडीसाठी तीन मोठे कूलर देऊ केले. एप्रिल-मेमध्ये ग्वाल्हेरची हवा कोरडी, त्यामुळे कूलर चालतो: ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्याचं तापमान (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून मोजलेलं, म्हणजे पाणी उडून जाताना हवा जास्तीत जास्त उतरू शकते ते) २४च्या आसपास असतं, आणि चांगला कूलर त्या दोन्हींमधलं सत्तर टक्के अंतर कापतो. पण तेवढा मोठा कूलर तासाला पंधरा-वीस लिटर पाणी पितो. तीन कूलर, चार तास, म्हणजे रोज दोनशे लिटरच्या आसपास. शाळेची टाकी हजार लिटरची आणि नळाला पाणी एक दिवसाआड. त्यातच स्वयंपाक, भांडी, हात धुणं आणि आता स्वच्छतागृह. थंड वर्ग हवा की पाणी असलेलं स्वच्छतागृह, असा तो हिशेब होता.

चौथा पर्याय छत पांढरं करण्याचा. पाचवा कुणीच बोलत नव्हतं, कारण तो बैठक चालली होती त्या खोलीबद्दल होता.

काय केलं

कार्यालय आणि कोठार वर गेलं, मुलं खाली आली. कोठार रिकामं करायला शनिवार-रविवार लागला. सगळ्यांत जास्त वाद मखरावरून झाला. ते शेवटी एका विश्वस्तांनी घरी नेलं. चार खोल्यांत पहिली ते चौथी, आणि पाचवीची २७ मुलं उत्तरेकडे तोंड केलेल्या ओसरीत, जिथे ऊन येत नाही. कार्यालयाचं कपाट आणि टेबल माडीवरच्या खोलीत. लिपिक आठ वाजता जे काय लिहायचं ते लिहून साडेनऊला खाली येऊ लागले.

खालच्या खोल्यांत गर्दी झाली, आणि गर्दीलाही उष्णता असते. बसलेलं मूल साधारण साठ वॉट उष्णता सोडतं. तीस मुलं म्हणजे खोलीत अठराशे वॉटचा हीटर लावल्यासारखं. म्हणून समोरासमोरच्या खिडक्या पहाटे साडेपाचला उघडायच्या, नऊला उन्हाच्या बाजूच्या मिटायच्या, चौकाकडच्या उघड्या ठेवायच्या. रात्रभर बंद राहिलेली खोली सकाळी दोन अंश जास्त दाखवत होती, हे पहिल्याच सोमवारी दिसलं. त्यानंतर रखवालदाराच्या कामांत खिडक्या आल्या.

वेळ सात ते अकरा केली. जेवण सव्वादहाला. स्वयंपाकाच्या बायकांना त्यासाठी सहाला यावं लागलं. त्यांचं स्वयंपाकघर पत्र्याचंच राहिलं. ही उणीव कुणाच्या यादीत आली नाही.

स्वच्छतागृहाला कडी लावली, आत दिवा, दारामागे खुंटी, कोपऱ्यात झाकणाचा ड्रम आणि मग. कडीला नव्वद रुपये लागले. सुताराला फोन करायला तीन वर्षं लागली होती.

पाण्याची घंटा ही कल्पना केरळमधल्या शाळांची, २०१९पासूनची: ठरावीक वेळी घंटा होते आणि सगळी मुलं पाणी पितात. इथे पहिल्या दिवशी ती फसली. नळ दोन, एका मुलाला पंधरा सेकंद धरले तरी १३८ मुलांना सतरा मिनिटं लागतात. शेवटची मुलं उन्हात रांगेत उभी राहिली आणि पाणी पुन्हा काळ्या टाकीतलंच, कोमट. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक वर्गात एक माठ ठेवला. तो सकाळी साडेसहाला, टाकी तापायच्या आत भरायचा, त्यावर झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. तास संपला की दोन वर्गप्रमुख बाकाबाकावर अर्धा पेला, साधारण १२० मिलिलिटर, फिरवतात. पाच वेळा धरलं तर १३८ मुलांना दिवसाला ८३ लिटर. नव्या माठाचं पाणी पहिले दोन दिवस फेकून द्यायचं, नाहीतर मातीचा वास येतो आणि मुलं नाक मुरडतात. दर शनिवारी माठ घासून उन्हात पालथे.

छताचं काम दोनदा करावं लागलं. पहिल्यांदा चुन्यात फेव्हिकॉल घालून पत्र्यांवर दोन हात दिले, कारण तशी चित्रफीत कुणीतरी पाहिली होती. दगडी किंवा सिमेंटच्या गच्चीवर चुना धरतो. जस्ताच्या गुळगुळीत पत्र्याला धरत नाही. आठवड्यानं आंधी आली आणि अर्धा चुना चौकात पापुद्र्यांसारखा पडला. दुसऱ्यांदा पत्रा ब्रशनं घासला, गंज काढला, प्रायमर दिला आणि छतासाठीच मिळणारा पांढरा रबरी रंग दोन हात दिला. बाराचं तापमान ४२वरून साडेअडतीसवर आलं. सुधारणा खरी, पण वर्ग भरवण्याजोगी नाही.

मे महिना

एक मेला सुट्टी लागली आणि शाळा बंद करायची वेळ आली. खालच्या चार खोल्या दुपारी ३४-३५ अंशांवर रिकाम्या राहणार आणि त्या खोल्यांतली मुलं ४३ अंशांत. खोल्या उघड्या ठेवायच्या का, हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय ठरला.

अडचण आदेशाची होती. सुट्टीत विद्यार्थ्यांना शाळेत बोलवायचं नाही. मुख्याध्यापिकांनी शिक्षण कार्यालयात विचारलं तेव्हा तोंडी उत्तर मिळालं की शिकवू नका, बसू द्यायला हरकत नाही. तोंडी परवानगीवर चालायला कार्यवाह तयार होईनात, आणि त्यांचं बरोबर होतं. शेवटी विश्वस्त मंडळाच्या नावानं पत्र दिलं: इमारत मंडळाची आहे, तळमजला दुपारी साडेअकरा ते साडेपाच वाचनकक्ष म्हणून उघडा राहील, हजेरी नाही, अभ्यास नाही, रोज एक शिक्षिका मानधनावर आणि दोन पालक. पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. लेखी उत्तर कधीच आलं नाही. शिक्क्यावर काम चाललं.

देणगीतला एक कूलर तेव्हा घेतला, दोन परत केले. देणगीदार थोडे दुखावले. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला लावला आणि समोरची खिडकी अर्धी उघडी ठेवली. ती मिटली की ओली हवा आतच कोंडते आणि तासाभरात अंग चिकचिकतं. आठवड्याला टाकी रिकामी करून घासायची, कारण तिथेच डेंग्यूचा डास अंडी घालतो.

पहिल्या आठवड्यात एकोणीस मुलं आली. जवळच्या दोन गल्ल्यांतली. लांबची येईनात, कारण साडेअकराला निघणं म्हणजे पुन्हा तेच ऊन. वेळ दहाची केली तशी संख्या चाळीसच्या आसपास गेली. तरी चौथी-पाचवीच्या मुली दिसत नव्हत्या. शोध घेतला तर दोन कारणं निघाली. एक, घरातलं लहान भावंड. दोन, वस्तीतला पाण्याचा टँकर एकच्या सुमारास यायचा आणि रांगेत डबे घेऊन उभं राहायचं काम त्यांचं. पहिल्यावर उपाय झाला: भावंडांना आत घेतलं, त्यांच्यासाठी ओसरीत सतरंजी टाकली. दुसऱ्यावर नगरसेवकाकडे अर्ज गेला. टँकरची वेळ सकाळी आठ व्हायला मेचा शेवटचा आठवडा उजाडला.

जेवणाचं काही जमलं नाही. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावं असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००४चा आहे, पण तो दुष्काळ जाहीर झालेल्या भागासाठी. उन्हासाठी तशी सोय नाही. वर्गणीतून भाजके चणे, गूळ आणि मीठ-साखर घातलेलं पन्हं एवढंच देता आलं.

निष्पत्ती

एप्रिलच्या उरलेल्या दिवसांत कुणी बेशुद्ध पडलं नाही. डोकेदुखीच्या चार तक्रारी आल्या, त्यांतल्या तीन माठ रिकामा झाला त्या दिवशीच्या. चक्कर आलेली मुलगी दहाव्या दिवशी परत आली. मुलींचं स्वच्छतागृहात जाणं वाढलं, हे ड्रम दिवसातून दोनदा भरावा लागू लागला त्यावरून कळलं.

जूनमध्ये मात्र शाळा गाफील सापडली. सुट्टी संपली तेव्हा पाऊस दहा-बारा दिवस लांब होता, आणि हवेत दमटपणा आलेला. ३८ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्याचं तापमान ३१वर जातं, म्हणजे कूलर जेमतेम चार-पाच अंश उतरवतो आणि वर आर्द्रता वाढवतो. कोरड्या थर्मामीटरवर आकडा एप्रिलपेक्षा कमी, म्हणून पाण्याच्या फेऱ्या पाचवरून तीनवर आणल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात दोन मुलांना उलट्या झाल्या, अनेकांच्या मानेवर घामोळं उठलं. तेव्हा दुसरा थर्मामीटर टांगला, त्याच्या फुग्याला ओली सुती चिंधी गुंडाळून टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. शाळेनं स्वतःपुरता नियम केला: ओला थर्मामीटर २८च्या वर गेला की धावणं-कवायत बंद, ३०च्या वर गेला की कूलर बंद, खिडक्या-पंखे चालू आणि दर तासाला पाणी. हे आकडे वैद्यकीय मानक म्हणून कुणी घेऊ नयेत. इतर शाळेत आधी दोन आठवडे नोंद ठेवावी.

रात्रीचं काहीच करता आलं नाही. ३६ अंशांत मुलं झोपत नाहीत, आणि सकाळी सातला बाकावर डोकं टेकतात. तिसरीच्या बाईंनी पहिला तास वाचनाऐवजी गाण्याचा केला. वस्तीतल्या घरांचे पत्रे रंगवायचा विचार झाला, पण ते पत्रे दगडांनी दाबलेले, फ्लेक्सनी सांधलेले. घासायला गेलं तर फाटतात.

पुन्हा करायचं झालं तर

मुलांचा नकाशा पहिल्या दिवशी काढायला हवा, थर्मामीटर आणायच्याही आधी. तो कागद फुकट मिळतो आणि त्यानं दाखवलेली कडी सगळ्यांत स्वस्त उपाय ठरली.

रंगाचे पैसे चुकीच्या क्रमानं गेले. आधी खोल्यांची अदलाबदल झाली असती तर छताला तेवढी घाई नव्हती. त्याच पैशात पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं अस्तर आणि स्वयंपाकघराच्या छताला रंग, दोन्ही बसलं असतं.

ओआरएसच्या डब्यावर आता लिटरची बाटली बांधून ठेवली आहे, पाकीट तिच्यातच ओतायचं. आजारी मुलाला कुणाच्या हाती सोडायचं याची ओळ त्याच डब्यावर चिकटवली आहे. ती सगळ्या शिक्षिकांनी वाचली आहे का, हे मार्चमध्ये विचारायला हवं, कारण दरवर्षी एखादी नवी येते.

मेच्या वाचनकक्षाचं पत्र फेब्रुवारीत जायला हवं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दिलेल्या पत्राला लेखी उत्तर येत नाही.

माडीचे पत्रे काढून पक्कं छत घालण्याचं अंदाजपत्रक आलं आहे, निधी नाही. तोवर तिन्ही खोल्यांच्या दारावर आतून खडूनं ‘१५ मार्च’ लिहिलं आहे. त्या दिवशी मुलं खाली येतात, कार्यालय वर जातं. या वर्षी लिपिकांनी विचारलं, १० मार्चला गेलं तर चालेल का. तारखेच्या आधीच वरचा थर्मामीटर अकराला ३६ दाखवत होता.